स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ लिहिलंय, मग स्पीकर किती वॅटचे घ्यायचे?

दुकानात शिरलं की काउंटरवर दोन डबे समोर येतात. स्टिरिओच्या डब्यावर ‘५० वॅट × ४’, स्पीकरच्या डब्यावर ‘३०० वॅट’. दुकानदार म्हणतो, ‘बिनधास्त न्या, स्पीकरला भरपूर मार्जिन आहे.’ बसवल्यावर आवाज निम्म्यातच फाटायला लागतो. तक्रार घेऊन गेलात की उत्तर मिळतं, ‘मग अँप टाका’, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा अँप्लिफायर. लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या नाक्यावरचं अॅक्सेसरीजचं दुकान, हा संवाद फारसा बदलत नाही.

यात गोंधळ उडतो तो डब्यावरच्या मोठ्या आकड्यामुळे. तो आकडा जवळपास निरुपयोगी असतो. उपयोगाचे आकडे तीनच आहेत: आरएमएस वॅट (सतत मिळणारी किंवा सोसता येणारी ताकद), ओहम (स्पीकरचा विजेला होणारा रोध) आणि सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या ताकदीत निघणारा आवाज). ते डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात किंवा आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सापडतात.

आधी एवढं जवळ ठेवा

- स्टिरिओची पुस्तिका. गाडीबरोबर आलेला कंपनीचा स्टिरिओ असेल तर निदान त्याच्या मागच्या लेबलचा फोटो.
- घ्यायच्या स्पीकरचं तपशिलाचं पान, डब्याच्या पुढच्या बाजूचा फोटो नव्हे.
- डिजिटल मल्टिमीटर. साधा, स्वस्तातला चालतो.
- दाराचं पॅनल काढायला प्लॅस्टिकची पट्टी आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर क्लिपा तुटतात आणि मग पॅनल आयुष्यभर खडखडतं.
- मोजपट्टी, मास्किंग टेप, १.५ व्होल्टचा सेल.
- आपल्या मॉडेलचा कपलर, म्हणजे मूळ वायर न कापता नवा स्टिरिओ किंवा स्पीकर जोडणारा प्लग.
- गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीची पुस्तिका. आणि प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल.

१. स्टिरिओची खरी ताकद शोधा

‘५० वॅट × ४’ हा आकडा कुठून येतो ते एकदा समजलं की पुन्हा कुणी फसवू शकत नाही. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. त्याचा वर्ग केला आणि ४ ओहमने भागलं की ५१.८ वॅट येतात. म्हणजे स्टिरिओने आपली सगळी ताकद लावून, आवाज पूर्ण फाटलेल्या अवस्थेत, लाटेचे माथे सपाट कापून टाकले तर एवढे वॅट निघतील. ते ऐकण्यालायक संगीत नसतं.

स्वच्छ लाटेला याच्या निम्मे, म्हणजे २६च्या आसपास वॅट मिळतात. त्यातून आतल्या आयसीत, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या चिपमध्ये, वाया जाणारे व्होल्ट वजा करा. हातात उरतात चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरच्या वाट्याला, १५ ते २२ वॅट. बाहेरचा अँप न लावता, निव्वळ स्टिरिओतून, बहुतेक सगळ्या ब्रँडना एवढंच जमतं. १२ व्होल्टच्या मर्यादेतून त्यांचीही सुटका नाही.

पडताळून बघायचं असेल तर स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. बहुतेकदा तो १० अँपिअरचा असतो. १४.४ × १० म्हणजे १४४ वॅट आत येणार. त्यातले साधारण ६० टक्के आवाजात उतरतात, बाकीची उष्णता होते. म्हणून तर स्टिरिओची पाठ तापते. उरले ८६ वॅट, चार स्पीकरांत वाटले तर प्रत्येकी २१. दोनशे वॅटचा दावा करणाऱ्या डब्याला १० अँपिअरचा फ्यूज कसा पुरतो, हे दुकानात विचारून बघा.

मोठ्या स्क्रीनच्या अँड्रॉइड स्टिरिओंत बऱ्याचदा टीडीए ७३८८ ही आयसी असते. तिच्या उत्पादकाच्याच कागदावर ४ ओहमला कमाल ४५ वॅट लिहिलेत, आणि १० टक्के विकृतीसह २६ वॅट. दहा टक्के विकृती म्हणजे कानाला स्पष्ट जाणवेल इतका फाटलेला आवाज. डब्यावर मात्र ६० × ४ छापायला कुणाची हरकत नसते.

पुस्तिकेत ‘सीईए २००६’ असा उल्लेख दिसला तर त्या आकड्यावर भरवसा ठेवा. २००३ साली आलेल्या या मानकाप्रमाणे वॅट मोजताना १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती नाही, अशा अटी असतात. असा उल्लेख नसेल आणि आरएमएसही लिहिलेला नसेल तर १७ वॅट धरून पुढे चला.

२. स्पीकरच्या डब्यावर काय वाचायचं

‘पीक’, ‘मॅक्स’, ‘म्युझिक पॉवर’ हे सगळं सोडून द्या. आरएमएस किंवा ‘नॉमिनल’ वॅट शोधा. हा आकडा स्पीकर किती आवाज देतो ते सांगत नाही, किती ताकद न जळता सोसतो ते सांगतो. पाण्याच्या टाकीवर ‘१००० लिटर’ लिहिलं म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही, तसंच हे.

आवाज किती निघणार ते सेन्सिटिव्हिटी सांगते. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. गाडीच्या स्पीकरमध्ये तो साधारण ८५ ते ९३ असतो. फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलचा हिशेब वेगळा चालतो: ३ डेसिबल वाढवायला ताकद दुप्पट लागते आणि १० डेसिबलला दहापट.

दोन स्पीकर समोर ठेवू. पहिला ८० वॅट आरएमएस, ८७ डेसिबल. दुसरा ४५ वॅट आरएमएस, ९२ डेसिबल. स्टिरिओ १७ वॅटचा. दुकानात पहिला ‘भारी’ म्हणून महाग मिळेल. पण ५ डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत तिप्पट. दुसरा स्पीकर १७ वॅटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला पहिल्याला ५४ वॅट लागतील, आणि ते तुमच्या स्टिरिओकडे नाहीतच.

इथे एक चलाखी ओळखून ठेवा. काही कंपन्या १ वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला ते २ वॅट होतात. आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो. डब्यावर ‘२.८३ व्होल्ट’ दिसलं की ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ वजा करूनच तुलना करा.

३. अँप घ्यायचा की नाही, हे आधी ठरवा

स्पीकरची निवड यावरच उभी आहे, त्यामुळे ‘आधी स्पीकर घेऊ, अँपचं नंतर बघू’ असं करू नका.

अँप नको असेल तर सेन्सिटिव्हिटी ९० किंवा त्याहून जास्त आणि आरएमएस ३० ते ६० वॅट असलेले कोअॅक्सियल स्पीकर घ्या. कोअॅक्सियल म्हणजे वूफरच्या (खालच्या सुरांच्या स्पीकरच्या) मधोमध ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) बसवलेला साधा गोल स्पीकर. शंभर वॅट आरएमएसवाले जड, कडक कोनचे स्पीकर स्टिरिओच्या १७ वॅटवर आळसावलेले वाजतात. शहरातल्या हॅचबॅकला, काचा बंद करून गाणी ऐकणाऱ्याला एवढं पुरतं, आणि माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं.

अँप घेणार असाल तर मात्र आरएमएसला आरएमएस जुळवा. अँपचा चॅनेलमागचा आरएमएस आकडा, तोही ४ ओहमवरचा, स्पीकरच्या आरएमएसच्या जवळपास असावा. ६० वॅटच्या स्पीकरला ५० ते ७५ वॅटचा चॅनेल. थोडं कमी किंवा थोडं जास्त चालतं. अँपच्या पुस्तिकेत ४ ओहमचा आणि २ ओहमचा असे दोन आकडे असतात आणि २ ओहमचा मोठा असतो. डब्यावर कुठला छापलाय ते ओळखा.

४. ओहम: इथे चूक झाली तर धूर निघतो

वॅटची चूक झाली तर आवाज बिघडतो. ओहमची चूक झाली तर वस्तू जळते.

गाडीचे बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. काही २ किंवा ३ ओहमचे येतात, आणि त्याच व्होल्टला जास्त करंट ओढतात म्हणून दुकानात मोठे वाजतात. ते घेण्याआधी स्टिरिओच्या पुस्तिकेत किमान किती ओहम चालतात ते बघा. ‘४ ते ८ ओहम’ लिहिलं असेल तर २ ओहमचा स्पीकर लावू नका. सुरुवातीला वाजेल, अर्ध्या तासाने स्टिरिओ तापून बंद पडेल, थंड झाला की पुन्हा सुरू होईल. हा खेळ काही आठवडे चालतो आणि मग आयसी जाते.

घरच्या होम थिएटरचे ८ ओहमचे स्पीकर लावले तर काही जळत नाही, फक्त ताकद निम्मी होते.

मल्टिमीटरने मोजताना ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. त्याला खराब समजू नका. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवा, जो आकडा येईल तो वजा करा. ट्वीटर मोजताना मीटर काहीच दाखवत नसेल तर बहुधा त्याच्या तारेत कपॅसिटर आहे आणि डीसी त्यातून जात नाही.

असा कपॅसिटरवाला ट्वीटर अनेक गाड्यांत एक छुपी अडचण करतो. डॅशबोर्डवर किंवा खांबावर कंपनीचा ट्वीटर असतो आणि तो दाराच्या वूफरलाच समांतर जोडलेला असतो. तुम्ही दारात कोअॅक्सियल टाकला की एका चॅनेलवर दोन ट्वीटर होतात. वरच्या सुरांना भार २ ओहमच्या आसपास येतो आणि आवाज टोचायला लागतो. दारात कोअॅक्सियल टाकलात तर कंपनीचा ट्वीटर काढून ठेवा. तो ठेवायचाच असेल तर दारात नुसता वूफर टाका.

एका चॅनेलवर दोन स्पीकर समांतर जोडून ‘सहा स्पीकरचा सेट’ करून देणारे बसवणारेही भेटतात. ४ आणि ४ समांतर म्हणजे २ ओहम. नाही म्हणा.

५. सबवूफर

सबवूफरवर, म्हणजे खोल बेसच्या वेगळ्या स्पीकरवर, ‘डीव्हीसी’ लिहिलं असेल तर त्यात दोन कॉइल आहेत. दोन्ही ४ ओहमच्या असतील तर समांतर जोडून २ ओहम होतात, एकामागे एक जोडून ८. दोन्ही २ ओहमच्या असतील तर १ किंवा ४. आधी अँप किती ओहमला किती वॅट देतो ते बघा आणि त्यावरून कॉइल निवडा. उलट्या क्रमाने गेलात तर हमखास अडकता.

चार चॅनेलच्या अँपचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सब चालवता येतो. पण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला भाराच्या निम्मे ओहम दिसतात. म्हणून जवळपास सगळे चार चॅनेलचे अँप ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत.

६. वायर आणि फ्यूज

७५ × ४ चा अँप म्हणजे ३०० वॅट. जुन्या धाटणीचा क्लास एबी असेल तर तो आत ५०० वॅट ओढतो, १३.८ व्होल्टला ३६ अँपिअर. कमी उष्णता वाया घालवणारा क्लास डी असेल तर २७-२८. याला ८ गेजची, म्हणजे साधारण ८ चौरस मिमीची अस्सल तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज लागतो. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवा. अँपच्या अंगातला फ्यूज अँपला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला आग लागण्यापासून वाचवतो. दोन्ही हवेत.

बाजारातल्या तयार ‘वायरिंग किट’मध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. चाकूने तारेचं टोक खरवडा, आत पांढरं दिसलं की परत द्या. किंवा एक नंबर जाड घ्या. स्पीकरला १.५ चौरस मिमी पुष्कळ झाली.

७. दारात बसवताना

इंचाचा आकडा जुळला म्हणून स्पीकर बसतोच असं नाही. खोली मोजा. काच पूर्ण खाली करा आणि पत्र्याच्या भोकापासून काचेपर्यंत मोजपट्टी घाला. स्पीकरची ‘माउंटिंग डेप्थ’ त्यापेक्षा निदान ५ मिमी कमी हवी. पुढे जाळीकडेही जागा बघा, कोअॅक्सियलचा ट्वीटर बाहेर येतो.

स्पीकर आणि पत्रा यांच्यामधली रिंग प्लॅस्टिकची घ्या. आपल्याकडे पावसात काचेवरून पाणी दाराच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, दाराची रचनाच तशी आहे. एमडीएफची किंवा प्लायची रिंग दोन पावसाळ्यांत फुगते आणि स्क्रू सैल होतात. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदाही याच पाण्यासाठी असतो. बसवणारे घाईत तो फाडतात. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहत असेल तर पडदा पुन्हा नीट चिकटवून घेतल्याशिवाय दार बंद करू देऊ नका.

खर्चात थोडी जागा उरली असेल तर पुढच्या दोन दारांच्या पत्र्याला डँपिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारा चिकट थर) लावा. महागड्या स्पीकरपेक्षा त्याने बेस जास्त सुधारतो.

८. तारा जोडणे

आफ्टरमार्केट स्टिरिओचे रंग ठरलेले असतात. पांढरा पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा. काळी रेघ असलेली तार निगेटिव्ह. पिवळी बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थ, निळी-पांढरी अँप चालू करायची.

स्पीकरची निगेटिव्ह तार गाडीच्या बॉडीला कधीही टेकवू नका. या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यातली एकही अर्थ नसते. उघडी तार पत्र्याला लागली तर आयसी जाऊ शकते.

स्पीकरचा रुंद कनेक्टर पॉझिटिव्ह, अरुंद निगेटिव्ह. खूण पुसली असेल तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलची पॉझिटिव्ह बाजू तीच स्पीकरची पॉझिटिव्ह. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका. एक स्पीकर उलटा जोडला तर बिघडत काही नाही, पण बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून यायचा तो कुठूनही येतो. नव्या स्पीकरला ‘बेस नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

कंपनीच्या स्टिरिओला आरसीए आउटपुट (अँपला कमी व्होल्टचा सिग्नल देणारी पिन) नसेल तर ‘हाय लेव्हल इनपुट’ (स्पीकरच्या तारांतून सिग्नल घेण्याची सोय) असलेला अँप घ्या. स्पीकरच्या तारा थेट आरसीएच्या पिनला जोडू नका.

९. गेन लावणे

गेन म्हणजे आवाजाचं दुसरं बटण नव्हे. स्टिरिओच्या ठरावीक व्हॉल्यूमला अँपने किती व्होल्ट द्यायचे, ते गेनवर ठरतं. बसवणारा कानाने लावून देतो, तुम्ही मीटरने लावा.

इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद, गेन शून्यावर. अँपपासून स्पीकरच्या तारा सोडवा. इंजिन चालू ठेवा, पण गाडी मोकळ्यावर उभी करा. पेनड्राइव्हवरून ४०० हर्ट्झचा ० डेसिबल टोन वाजवा. सगळीकडे १ किलोहर्ट्झ सांगतात, पण स्वस्त मीटर त्या फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्ट चुकीचे दाखवू शकतात. ब्लूटूथ नको, फोनचा व्हॉल्यूम मध्ये येतो. स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, म्हणजे ४० पैकी ३०. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन सावकाश वाढवा.

किती व्होल्टवर थांबायचं? वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. वॅट घ्यायचे ते अँप आणि स्पीकर यांपैकी ज्याचे कमी असतील त्याचे.

- ५० वॅट, ४ ओहम: १४.१ व्होल्ट
- ६० वॅट, ४ ओहम: १५.५ व्होल्ट
- ७५ वॅट, ४ ओहम: १७.३ व्होल्ट
- सब २५० वॅट, २ ओहम: २२.४ व्होल्ट, टोन ५० हर्ट्झचा

टोन बंद करा, तारा परत जोडा. आता व्हॉल्यूम ३० च्या वर न्यायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मग फिल्टर. साडेसहा इंची स्पीकरला हाय पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, सव्वापाच किंवा ४ इंचीला १०० किंवा थोडा वर. अँप नसला तरी स्टिरिओच्या मेनूत ही सोय असेल तर नक्की वापरा. खोल बेसचा भार गेला की तेच १७ वॅट बरेच मोकळे वाजतात.

१०. ‘कमी वॅटने स्पीकर जळतो’ म्हणतात ते

अर्धवट खरं आहे. कमी ताकदीने कुठलाच स्पीकर जळत नाही, नाहीतर हळू आवाजात गाणी ऐकणाऱ्यांचे सगळे स्पीकर जळाले असते. जळतो तो कमी ताकदीच्या स्टिरिओकडून जास्त आवाज काढण्याच्या हट्टाने. व्हॉल्यूम पार टोकाला नेला की लाटेचे माथे कापले जातात. पूर्ण कापलेल्या लाटेत स्वच्छ लाटेच्या दुप्पट ताकद असते आणि तिचा बराच भाग वरच्या सुरांत जातो. तिथे असतो नाजूक ट्वीटर, त्यामुळे आधी तोच जातो. आवाज फाटताना ऐकू आला की व्हॉल्यूम दोन-तीन घर खाली घ्या.

दुकानातून गाडी बाहेर काढण्याआधी तिथेच या गोष्टी करून बघा. बॅलन्स आणि फेडर फिरवून चारही स्पीकर एकेक करून ऐका, डावा खरंच डावीकडे वाजतोय ना. चारही काचा वर-खाली करा. इंजिन रेझ करून बघा. शिट्टीसारखा आवाज चढत असेल तर अँपची अर्थ तार रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर पुन्हा घट्ट बसवायला लावा. काढलेले जुने स्पीकर, क्लिपा आणि कंपनीचा ट्वीटर मागून घ्या. मूळ वायर कुठे कापली असेल तर ते बिलावर लिहून घ्या, कारण उद्या वॉरंटीत इलेक्ट्रिकलची तक्रार नाकारायला तेच निमित्त होतं.